शेवटची ओळ

"डोला दुखतोय," मशीन म्हणालं.

मी पेपर बाजूला ठेवला. "काय दुखतंय, अण्णा?"

"डोला," मशीननं तेच पुन्हा ऐकवलं.

स्वयंपाकघरातून वहिनी हात पुसत आल्या. "डोळा म्हणतायत ओ, भाऊजी. केस गेला असंल आत." त्यांनी अण्णाची पापणी बोटानं वर केली, पदराच्या टोकानं केस काढला आणि हलकी फुंकर घातली. अण्णाचा अंगठा बटणावर हलायला लागला. आम्ही दोघं थांबलो. त्याचं एक वाक्य पुरं होईपर्यंत पुढ्यातला चहा निवून जायचा, पण त्याची आता सवय झाली होती.

"या गाढवाला ल येत नाही," मशीन अखेर म्हणालं.

अण्णानं लिहिलं होतं ळ. गाढवानं तिथंही ल-च म्हटलं. आधी वहिनी हसल्या, मग मी. अण्णा फक्त डोळ्यांनी हसला, कारण हसायला त्याच्याजवळ तेवढंच उरलं होतं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ मुरलीधर कणसे, कराडच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होता. माइकवरून गाड्या पुकारायचं काम त्याच्याकडे. त्याच्या आवाजानं चालत्या गाड्या थांबायच्या असं काही मी म्हणणार नाही, पण तो रजेवर गेला की प्रवासी खिडकीशी येऊन "आज कणसे नाहीत का?" असं विचारायचे, हे मी स्वतः ऐकलंय. 'शिराळा' आणि 'पळूस' ही गावं तर त्यानंच पुकारावीत. तो ळ टाळूवरून असा काही घरंगळत यायचा, की शिराळ्याला कुणी नातेवाईक नसलेला माणूसही फलाटाकडं मान वळवून बघायचा.

नेमका त्याचाच आवाज गेला. आधी जीभ जड झाली, मग हात, मग पाय. डॉक्टरांनी सांगितलं, मोटर न्यूरॉनचा आजार आहे, एकेक स्नायू जात राहील, डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहील. हे शेवटचं त्यांनी दिलासा म्हणून सांगितलं होतं. मला आजही त्यात दिलासा कुठं होता ते कळलेलं नाही.

उजव्या हाताचा अंगठा तेवढा टिकला होता. इंजिनिअरिंग कॉलेजातले गावंडे सर माझ्या ओळखीचे. त्यांनी एका लॅपटॉपला एक मोठं गोल बटण जोडून दिलं आणि स्वतः बसून प्रोग्राम लिहिला. पडद्यावर मुळाक्षरांच्या ओळी एकाखाली एक उजळत जायच्या. आधी स्वरांची, मग कची, चची, टची, तची, पची, मग य र ल व, मग श ष स ह, आणि सगळ्यात खाली ळ क्ष ज्ञ. हवी ती ओळ उजळली की अण्णा बटण दाबायचा, मग त्या ओळीतली अक्षरं एकेक करून उजळायची, पुन्हा दाबायचं. काना-मात्रा वेगळ्या. वाक्य झालं की मशीन ते बोलून दाखवायचं. त्या सिस्टिममध्ये मराठी आवाज नव्हता, म्हणून सरांनी हिंदी आवाज बसवला होता. कोपऱ्यात एक घंटीचं चित्रही होतं. वहिनींना बोलवायचं असलं की अण्णा ती घंटी वाजवायचा, नाव कधी लिहायचा नाही. अंगठ्याचे कष्ट वाचवतोय, असं मला वाटायचं.

वहिनींचं नाव शैलजा. ते आमच्या घरचं. लग्नात ताम्हणातल्या तांदळावर अण्णानं अंगठीनं 'शैलजा' असं लिहिलं, आमच्या वडिलांनी सांगितलं म्हणून, आणि त्या दिवसापासून त्या शैलजा झाल्या. माहेरी त्यांना काय म्हणायचे, हे विचारायची आमच्याकडं पद्धत नव्हती. लग्न झालं तेव्हा मी शाळेत होतो, मला तर त्या पहिल्या दिवसापासून वहिनीच.

सर जाताना एकच गोष्ट बजावून गेले होते. "अपग्रेडचा निरोप येत राहील. येऊ दे. मला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही."

निरोप यायला लागलाच. पडद्याच्या कोपऱ्यात एक निळी चौकट यायची, नवी सिस्टिम तयार आहे, आत्ता घ्यायची की नंतर. मी 'नंतर' दाबायचो. जावयानं मानपानाचा विषय काढावा तशी ती दोन दिवसांनी पुन्हा हजर. एके दिवशी मी 'नंतर'वर बोट नेतोय तोच अण्णानं घंटी वाजवली. मी थांबलो. त्याचा अंगठा बराच वेळ चालला.

"यात मराठी आवाज आहे. मी वाचलं. घेऊन टाक."

"गावंडे सर नको म्हणालेत," मी म्हटलं.

"विचार."

मी फोन लावला. सर कॉलेजच्या मुलांना घेऊन हिमालयात गेले होते आणि त्यांचा फोन लागत नव्हता. चार-पाच दिवस मी लावत राहिलो. अण्णा रोज मी आलो की भुवया वर करायचा आणि मी मान हलवायचो. मग एका सकाळी मी पाहिलं, की त्याचा अंगठा हवी ती ओळ येऊन गेल्यावर दाबतोय. ओळ पुढं सरकायची, याला पुन्हा वरून सुरुवात. मी बघतोय हे त्यानंही पाहिलं.

"थांबायला वेल नाही," मशीन म्हणालं.

वहिनी उशीला अभ्रा चढवत होत्या, तो तसाच हातात राहिला. "आहे ते चाललंय की," त्या म्हणाल्या. "ल म्हणतंय तर म्हणू दे. बिघडलं-बिगडलं तर काय करायचं? मला कळतंय ना सगळं."

अण्णानं त्यांच्याकडं पाहिलं आणि लिहायला घेतलं. एवढा वेळ गेला, की मला वाटलं झोप लागली याला.

"तुला कलतं. मला ऐकायचंय."

मी स्वतःशी म्हटलं, आयुष्यभर माइकवर बसलेला माणूस आहे, जाता जाता तरी शिराळा नीट ऐकू दे त्याला. वहिनींनी माझ्याकडं बघून खांदे पाडले. "तुम्ही दोघं भाऊ ठरवा," त्या म्हणाल्या. त्यांचा हेका कधीच नव्हता, हीच त्यांची अडचण होती.

मी वीज मंडळात होतो, त्यामुळं माझ्या शहाणपणाची धाव विजेपर्यंतच. सबस्टेशनला फोन करून दुपारी लाइट जाणार नाही ना, याची खात्री करून घेतली. इन्व्हर्टर तपासला. मग अण्णाला विचारलं, "दाबू?" त्यानं पापणी मिटून उघडली. हो म्हणायची त्याची ती खूण होती.

पडदा काळा झाला आणि मधोमध ठिपके गोल फिरायला लागले. 'कृपया लॅपटॉप बंद करू नका', हे आम्हाला सांगायची गरज नव्हती. तो बंद पडला तर घरातला एक माणूस बंद पडणार होता. वहिनींनी नळीतून अण्णाला पेज दिली. कूस बदलली. त्या मधूनमधून येऊन पडद्याकडं बघायच्या आणि परत जायच्या. मशीन मध्येच बंद होऊन आपोआप चालू झालं, तेव्हा मी इन्व्हर्टरचा दिवा पुन्हा एकदा बघून आलो. अण्णा मात्र टक लावून बघत होता. गाडी लागायची वाट बघत फलाटावर उभी असलेली माणसं मी पाहिलीत, तशीच त्याची नजर होती.

शेवटी तळं आणि डोंगर असलेलं एक चित्र आलं. सगळं जागचं हललं होतं, पण शोधत शोधत मी आवाजांच्या यादीपर्यंत पोचलो. मराठी, बाई. मराठी, पुरुष. मी पुरुष निवडला आणि आवाज तपासायच्या पट्टीत टाइप केलं.

"शिराळा. पळूस. तळबीड," लॅपटॉप म्हणाला.

स्वच्छ ळ होता. अण्णाइतका घोळवलेला नसेल, पण अस्सल. अण्णाच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळलं. वहिनी दारात उभ्या होत्या त्या पुढं आल्या आणि त्यांनी ते पुसलं. "ऐकलंत?" त्या म्हणाल्या. "झालं का समाधान?" तो पडद्याकडं नाही, त्यांच्याकडं बघत होता. मला म्हणायचं होतं, अरे बाबा, इकडं बघ, मी केलंय हे. मग मी बटण त्याच्या अंगठ्याखाली सरकवलं.

त्यानं दाबलं. काही झालं नाही.

पुन्हा दाबलं. बटणातला हिरवा दिवा लागला नाही. मी वायर काढून घातली. दुसऱ्या भोकात घातली. सरांचा प्रोग्राम उघडायला गेलो, तर चौकट आली: हा प्रोग्राम या आवृत्तीवर चालू शकत नाही. मी ती बंद केली, पुन्हा उघडली, पुन्हा तीच चौकट. मागं अण्णाचा अंगठा बटणावर टक, टक असा चाललेला मला ऐकू येत होता. थोड्या वेळानं तो आवाज थांबला.

स्टँडसमोरच्या कॉम्प्युटरच्या दुकानातला माणूस येऊन बघून गेला. म्हणाला, जुन्या सिस्टिमवर परत नेता येईल, पण तुमच्या सरांचं त्यात काय आहे ते मला माहीत नाही, पुसलं गेलं तर माझ्याकडं बोट दाखवू नका. वहिनी म्हणाल्या, "आता सर येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही." लॅपटॉप मिटून कपाटावर ठेवला. नवा मराठी आवाज त्यात तसाच पडून राहिला.

मग वहिनींनीच तोडगा काढला. त्या पलंगाशी बसून ओळी म्हणायच्या. "अ ची? क ची? च ची? ट ची? त ची? प ची? य ची? श ची?" हवी ती ओळ आली की अण्णा पापणी मिटायचा. मग ओळीतली अक्षरं. काना-मात्रा आम्ही सोडून दिल्या होत्या, त्या अंदाजानं लावायच्या. आणि खरं सांगायचं तर दोन अक्षरांपलीकडं जायची वेळच यायची नाही. प, ण. "पाणी?" पापणी. क, स. "कूस?" पापणी. ड आला की वहिनी डोळाच पुसायला घ्यायच्या. माणूस अंथरुणाला खिळला, की त्याला लागणाऱ्या गोष्टी मोजक्याच असतात, आणि त्या बाईला त्या सगळ्या पाठ होत्या. मी कौतुकानं म्हटलंसुद्धा, "वहिनी, तुमच्यापुढं लॅपटॉपची काय गरज?" अण्णानं डोळे मिटून घेतले. हो म्हणून नव्हे, नुसतेच.

त्याच आठवड्यात त्याला ताप भरला. छातीत कफ साठला होता. दवाखान्यात नेला, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लागला. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, घशाला भोक पाडून मशीन लावायचं का, ते ठरवा. ते अण्णानं आधीच ठरवून ठेवलं होतं, जुन्या मशीनवर, जुन्या आवाजात: "श्वासाच्या नलीवर जगायचं नाही." मी डॉक्टरांना तेच सांगितलं. नळी असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो जरा सावध झाला. डोळे फिरवून त्यानं वहिनींना शोधलं.

"काही म्हणायचंय?" वहिनींनी विचारलं. पापणी मिटली.

त्या खुर्ची ओढून कानाशी बसल्या. मी पायथ्याशी उभा राहिलो. "अ ची? क ची? च ची?..." प ला पापणी हलली. "प? फ? ब?" ब ला हलली. "ब," वहिनी म्हणाल्या. पुन्हा वरून. या वेळी क ला लगेच हलली, आणि पहिल्याच अक्षराला पुन्हा. "ब, क," वहिनी माझ्याकडं बघत म्हणाल्या. "बाक? बाकी?"

अण्णा बघत राहिला.

"पुढचं सांगा. अ ची? क ची? च ची? ट ची? त ची? प ची? य ची? श ची?"

पापणी हलली नाही. वहिनींनी पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, सावकाश. श ची म्हणून त्या थांबल्या. अण्णाचे डोळे सताड उघडे होते, ताणून धरल्यासारखे. मास्कच्या आत धुकं यायचं आणि जायचं.

"थकलेत," वहिनी म्हणाल्या.

"अजून एकदा म्हणा," मी म्हटलं.

त्यांनी तिसऱ्यांदा म्हटलं. श ची ओळ संपली. अण्णा त्यांच्या ओठांकडं बघत थांबला होता, त्या अजून काहीतरी म्हणणार आहेत असा. त्या काही म्हणाल्या नाहीत.

तेवढ्यात माझ्या डोक्यात आलं. "बँक. बँकेचं विचारतोय का तू, अण्णा? पेन्शनचं खातं?"

वहिनींच्या चेहऱ्यावरचं काहीतरी उतरलं. पण आवाज त्यांनी मऊच ठेवला. "बँकेचं सगळं झालंय ओ. खातं दोघांच्या नावावर आहे. माझी काळजी करू नका, मी माझं बघीन."

अण्णानं डोळे मिटले. आम्ही त्याला हो समजलो. नर्स आली, तिनं आम्हाला बाहेर बसायला सांगितलं. त्यानंतर त्यानं डोळे उघडले, पण ते कुणाला शोधत नव्हते. पहाट व्हायच्या आत तो गेला.

आमच्याकडं भेटायला येणारी माणसं एक प्रश्न हमखास विचारतात. शेवटी काही बोलले का? बायका वहिनींजवळ बसायच्या, गुडघ्यावर हात ठेवायच्या आणि आवाज बारीक करून हेच विचारायच्या.

"बँक म्हणाले," वहिनी सांगायच्या.

एखादी म्हणायची, बघा, शेवटपर्यंत तुमचीच काळजी. वहिनी मान डोलवायच्या. एका दुपारी माणसं पांगल्यावर त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "एवढा अंगाचा चोळामोळा झाला, तरी मी कुणाला हात लावू दिला नाही, भाऊजी. तोंडातली लाळसुद्धा मी पुसली. आणि एवढा जीव खाऊन दोन अक्षरं काढली, ती बँकेची." मी म्हटलं, "काळजीपोटीच ना, वहिनी." त्या म्हणाल्या, "असंल." त्यानंतर हा विषय त्यांनी काढला नाही. फोटोला हार त्या घालायच्या, पण फोटोकडं बघायच्या नाहीत, हे माझ्या लक्षात आलं होतं.

तेराव्यानंतर गावंडे सर आले. त्यांना सगळं परत आल्यावरच कळलं होतं. ते खुर्चीत टेकले. मग चाचरत म्हणाले, मिरजेला असाच एक पेशंट आहे, तरुण आहे, तुमची हरकत नसेल तर हे सगळं त्याला नेऊन देतो. वहिनी म्हणाल्या, "न्या की. इथं कुणाला लागतंय आता."

सरांनी लॅपटॉप पलंगावरच उघडला. त्याच पलंगावर, फक्त गादी काढलेली होती. त्यांना फार वेळ लागला नाही. प्रोग्राममध्ये कुठंतरी दोन-चार ओळी बदलल्या, बटण लावलं, आणि हिरवा दिवा लागला. मी तो दिवा बघून तोंड फिरवलं.

"वहिनी, तुम्ही एकदा चालवून बघता?" सर म्हणाले. "तुम्हाला याची सवय आहे. काहीही लिहा."

वहिनी पलंगाच्या कडेला टेकल्या. बटण मांडीवर घेतलं आणि त्यावर अंगठा ठेवला, अण्णा ठेवायचा तसाच आडवा. ओळी उजळायला लागल्या. त्या पडद्याकडं बघत होत्या आणि हवी ती ओळ आली की दाबत होत्या. माझं लक्ष सरांच्या चहाकडं होतं.

"बकुळ," लॅपटॉप म्हणाला.

"बकुळ कोण?" मी विचारलं.

"मी," वहिनी म्हणाल्या. "माहेरची. घरात शैलजा, पण खोलीत हे बकुळच म्हणायचे. पहिल्यापासनं." त्या अजून पडद्याकडंच बघत होत्या. "सरांनी हे बसवून दिलं ना, तुम्ही दोघं गेल्यावर पहिल्यांदा त्यांनी मलाच हाक मारली यातनं. बकुल आलं. मला हसूच फुटलं. म्हटलं, ही कोण बाई आणलीत घरात? ते पण हसले. पण परत कधी नावानं हाक मारली नाही. घंटीच वाजवायचे."

मी शिराळा टाइप केलं होतं. पळूस टाइप केलं होतं. त्याला त्यातलं कुठलंच गाव नको होतं.

पडद्यावर ओळी आपल्या आपण उजळत होत्या. वहिनींचे ओठ त्यांच्याबरोबर हलायला लागले. "अ ची, क ची, च ची, ट ची, त ची, प ची, य ची, श ची." श ची ओळ विझली आणि तिच्याखालची, सगळ्यात शेवटची ओळ उजळली. ळ, क्ष, ज्ञ. वहिनी थांबल्या.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "ही ओळ आपण म्हटलीच नाही की ओ."

ळ पासून आपल्याकडं एकही शब्द सुरू होत नाही. तो नेहमी मागनं येतो, आणि तोवर आम्ही शब्द ओळखून मोकळे झालेले असायचो. ती ओळ आहे, हे आमच्या दोघांच्या डोक्यातच नव्हतं. अण्णाच्या होतं. त्यानं तीनदा सगळ्या ओळी ऐकून घेतल्या होत्या आणि तीनदा शेवटच्या ओळीसाठी डोळे उघडे धरून थांबला होता.

"ब झालं, क झालं," वहिनी म्हणाल्या. "एवढंच राहिलं होतं. आणि मी बँकेचं सांगत बसले त्यांना." त्या रडल्या नाहीत. मला वाटतं, त्या रडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. "नुसती हाकच होती ती. पुढं काय म्हणायचं होतं, ते तर राहिलंच."

सर उभे राहिले होते. त्यांना काय झालं ते नीट कळलं नव्हतं, पण काहीतरी झालंय एवढं कळलं होतं. "मी नंतर येऊन नेतो," ते म्हणाले.

"नको. आजच न्या. त्या पोराला लागंल." वहिनींनी बटण मांडीवर नीट धरलं. "एकदाच. मग न्या."

त्यांनी दाबलं. खोलीत त्या परक्या, स्वच्छ मराठी आवाजानं पुकारलं, "बकुळ."

"ओ," वहिनी म्हणाल्या.